घाटाखालची आडनावे : कर्जत-खालापूरच्या नामपरंपरेचा इतिहास

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात कोंडाणे लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला, एका भग्न यक्षमूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी अक्षरांत एक छोटा लेख कोरलेला आहे. कण्ह याचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढाच त्याचा अर्थ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख म्हणजे या परिसरात लिहून राहिलेल्या व्यक्तिनामांच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक होय. बलकाच्या नावापुढे कुळ नाही, गाव नाही, बापाचे नावही नाही. आहे ते गुरूचे नाव. ज्या जगात त्याला ओळखले जायचे त्या जगात तेवढे पुरेसे होते. त्याच काळात बोरघाट चढून वर गेल्यावर कार्ल्याच्या लेण्यात दात्यांची नावे निराळ्या पद्धतीने येतात. तिथला भूतपाल नावाचा श्रेष्ठी वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा. इतर अनेक दाते धेनुकाकटचे. लांबून आलेल्या माणसाला त्याचे गाव चिकटले आणि लेण्यात काम करणाऱ्या शिल्पीला गुरू पुरला. सातवाहन राजे तर आईच्या गोत्रावरून ओळखले जात: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. गुरू, गाव आणि आई अशा तीन खुणांनी माणसाची ओळख पटवण्याची रीत सह्याद्रीच्या या भागात आडनावांच्या कितीतरी आधी रुजलेली होती.

पुढच्या हजारभर वर्षांत नावाला पदवी जोडली जाऊ लागली. अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेख सामान्यतः शके ९३४ चा मानला जातो आणि मराठीतील आद्य लेखांत त्याची गणना होते. त्यात केसीदेवराय या राजाचा महाप्रधान ‘भइर्जु सेणुई’ म्हणून येतो. भइर्जु हे त्याचे नाव, सेणुई ही ओळख. मध्ययुगीन लेखांत गावच्या प्रमुखाला ‘पट्टकिल’ म्हटले आहे, वडीलधाऱ्या मान्यवराला ‘महत्तर’. पाटील आणि म्हात्रे ही आज रायगडात घरोघरी असलेली दोन आडनावे या शब्दांपर्यंत मागे नेली जातात. राऊत हे राजपुत्राचे आणि नाईक हे नायकाचे रूप. पण त्या काळात ही आडनावे नव्हती. पट्टकिलाचा मुलगा पट्टकिल होई तो वडिलांचे काम त्याच्याकडे आले म्हणून. काम गेले की शब्दही जाई.

शब्द घराण्याला कायमचा चिकटला तो वतनामुळे. निजामशाही, आदिलशाही आणि मराठेशाहीत पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही पदे वंशपरंपरेने चालणारी मालमत्ता झाली. तिची वाटणी होई, तिच्यावरून भांडणे होत, ती गहाण पडे. भांडण दिवाणात गेले की हक्क सिद्ध करण्यासाठी सर्वांत सोपा पुरावा म्हणजे नावामागे चालत आलेले पद. महजर, निवाडे आणि सनदा यांतून नाव आणि पद एकत्र लिहिले जाऊ लागले आणि भाऊबंदांपैकी ज्याच्याकडे प्रत्यक्ष पाटीलकी नव्हती तोही पाटील झाला. कर्जत-खालापूरच्या गावांत आज अर्धे गाव पाटील असते, याचे कारण हेच. अशा गावात आडनावाने कोणाचाही पत्ता लागत नाही. तिथे माणूस ओळखला जातो तो आजोबाच्या नावाने, आळीने नाहीतर घराच्या जागेवरून.

पदावरून आलेल्या आडनावाने जात कळते, हा समज मात्र चुकीचा आहे, आणि तो खोडून काढायला रायगड जिल्ह्याइतका चांगला पुरावा शोधून सापडणार नाही. महाडजवळ नाते येथे १८९६ साली जन्मलेले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते. लोकहितवादी म्हणून प्रसिद्ध असलेले गोपाळ हरी देशमुख चित्पावन; त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव शिधये, देशमुखी वतनामुळे बदललेले. मराठा देशमुख तर जागोजागी आहेत. याच पट्ट्यातील सर्वांत ठळक उदाहरण हुतात्मा भाई कोतवाल यांचे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. कोतवाल म्हणजे शहराचा बंदोबस्त पाहणारा अंमलदार. पण या घरात अंमलदारी नव्हती, होते ते फक्त नाव. वकील झालेल्या या तरुणाने १९४२ च्या आंदोलनात आझाद दस्ता उभा केला, मुंबईला जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात त्यांना वीरमरण आले. त्यांच्यासोबत हिराजी पाटील पडले. कोतवाल आणि पाटील ही जुन्या राजवटींच्या बंदोबस्ताची दोन पदे; ती आडनावे लावणारे दोघे परक्या सरकारशी लढताना एकाच दिवशी गेले. आज त्या दोन आडनावांचा कर्जत तालुक्यातला खरा अर्थ शब्दकोशात नाही, त्या दिवसात आहे.

दफ्तरातल्या पदांनी आणखी एक मोठा गट दिला. फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्यापासून फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, टिपणीस, कारखानीस झाले. ही आडनावे आधीच्या आडनावाला बाजूला सारून बसली, आणि ते बाजूला सारणे कधीकधी कागदोपत्री पाहता येते. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मूळचे चित्रे. वंशज चिटणीस झाले. खोपोलीला बोरघाटाच्या पायथ्याशी वीरेश्वराचे देऊळ आणि मोठा तलाव बांधणारे नाना फडणवीस यांचे घराणे मूळचे भानू. खोपोलीत आजही लोक तलावाचे नाव घेताना नानांना फडणवीस म्हणूनच आठवतात. भानू हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांपुरते उरले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिलेले सुरबानाना टिपणीस यांच्या आडनावातही हाच जुना दफ्तरी इतिहास आहे.

पदानंतर गाव. ‘कर’ लागलेली आडनावे ही मराठीची स्वतःची खूण आहे. एक गोष्ट मात्र नेहमी विसरली जाते. गावात राहणाऱ्याला गावाचे आडनाव लागत नाही. नेरळात राहणाऱ्या सगळ्यांना नेरळकर म्हटले तर कोणाचीच ओळख पटणार नाही. नेरळकर, कर्जतकर, खालापूरकर ही नावे लागतात ती गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्यांना. त्यातही कर्जत नावाचे आणखी एक गाव अहिल्यानगर जिल्ह्यात असल्याने कर्जतकर म्हटल्यावर मूळ कोकणात की घाटावर, हे विचारावेच लागते.

खालापूर तालुक्यातील महडचे वरदविनायक मंदिर या नियमाचा उत्तम दाखला आहे. परंपरेप्रमाणे १६९० मध्ये धोंडू पौडकर यांना तळ्यात मूर्ती सापडली आणि १७२५ मध्ये कल्याणचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी मंदिर बांधले. अष्टविनायकांतील या स्थानाच्या इतिहासात येणारी दोन्ही आडनावे गावावरून पडलेली आहेत आणि त्यांतले एकही महडचे नाही. पौडकर घाटावरच्या मुळशीतील पौडचे. बिवलकरांचेही मूळ गाव त्यांच्या नावातच आहे. बोरघाट, कुसूर घाट आणि कल्याण-पनवेलकडे जाणाऱ्या वाटा या सगळ्यांमुळे हा प्रदेश कायम येण्याजाण्याचा राहिला. त्यामुळे इथल्या इतिहासात बाहेरून आलेल्यांची नावे अधिक ठळक दिसतात.

गावाचे आडनाव नेहमी ‘कर’ घेऊनच येते असेही नाही. कुलाब्याच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंगरे यांचे घराणे मूळचे संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंगरे झाले. पुढे हे नाव एवढे मोठे झाले की गाव मागे पडले आणि आंगरवाडीचीच ओळख आंगऱ्यांचे मूळ गाव अशी उरली.

नेताजी पालकरांच्या नावाची कथा सर्वांहून वेगळी आहे, आणि ती सविस्तर सांगावी अशीच आहे. खालापूर तालुक्यातील चौक गावाशी त्यांचे नाते सांगितले जाते. पालकर म्हणजे पाल गावचे. स्वराज्याचे सरनोबत असलेले नेताजी शिवाजी महाराजांपासून दुरावल्यावर आधी आदिलशाहीकडे आणि मग १६६६ मध्ये मिर्झाराजा जयसिंगाकडे गेले. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना कैद करविले. १६६७ मध्ये त्यांचे धर्मांतर झाले आणि नाव मुहम्मद कुलीखान असे ठेवले गेले. नऊ वर्षे मोगली चाकरीत, त्यातला काही काळ काबूलच्या बाजूला काढल्यावर ते परत आले आणि १६७६ मध्ये महाराजांनी त्यांना स्वधर्मात घेतले. मुहम्मद कुलीखान पुन्हा नेताजी पालकर झाले. मोगली दफ्तरात नाव बदलले, चाकरी बदलली, धर्म बदलला. तरी मराठी मुलखात माणूस परत आला तेव्हा त्याला ओळखायला त्याचे जुने गाव पुरेसे ठरले.

किनाऱ्यालगतच्या बेने इस्रायल समाजाने ‘कर’ची परंपरा सर्वांत निष्ठेने जपली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ज्यू समाजाने आपल्या वस्तीच्या गावांवरून आडनावे घेतली: पेणकर, नागावकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर, वाकरूळकर. खालापूरला लागून असलेल्या पाताळगंगेकाठच्या आपट्यावरून आपटेकर झाले. व्यक्तिनामांनाही मराठी वळण लागले: सॅम्युअलचा समाजी झाला आणि एझिकिएलचा हसाजी. १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ उभारणारे सॅम्युअल एझिकिएल दिवेकर लोकांत समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. विसाव्या शतकात यातली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथेही अनेकांनी रायगडातल्या गावांची ही आडनावे ठेवली. पेण किंवा किहीम कधी न पाहिलेली पिढी तिथे ती नावे लावते.

शेती करणाऱ्या समाजांत, म्हणजे मराठा, कुणबी आणि आगरी यांच्यात, आडनावाचे काम मुख्यतः सोयरिकीचे. सोयरीक जुळवताना आडनावाबरोबर देवक पाहिले जाते; देवक एक असेल तर लग्न होत नाही. मोऱ्यांचे देवक मोराचे पीस, कदमांचे कळंब, इतरांची पाचपालवी किंवा अन्य झाडे. आडनाव आणि देवक यांत देवक अधिक जुने आणि अधिक विश्वासाचे मानले जाते, कारण आडनाव बदलते, देवक सहसा नाही. भोईर, घरत, केणी, मढवी, ठाकूर, म्हात्रे ही आगरी समाजातली आडनावे पनवेल-उरणपासून कर्जतपर्यंत पसरली आहेत. मोरे, जाधव, पवार, गायकवाड ही आडनावे मराठ्यांबरोबरच बौद्ध समाजात आहेत आणि त्यांतली काही कातकऱ्यांतही आहेत. आडनावावरून जात ठरवू पाहणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

ठाकर आणि कातकरी यांची नावे हा या प्रदेशाच्या नामपरंपरेतला सर्वांत समृद्ध आणि सर्वांत कमी लक्ष दिला गेलेला भाग आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांवर ठाकरांची वस्ती मोठी आहे. क ठाकर आणि म ठाकर या त्यांच्या दोन शाखा. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतील ठाकरांवर केलेला अभ्यास १९६० मध्ये ग्रंथरूपाने आला. या समाजाची कुळे समजून घ्यायला तो आजही उपयोगी पडतो. पारधी, दरवडा, निरगुडा, पिंगळा, शिंगवा, हिंदोळा, उघडा, आगिवले, केवारी, शिद अशी त्यांची आडनावे. निरगुडा हे झाड, पिंगळा हा पक्षी, पारधी म्हणजे शिकारी. रानाशी असलेले नाते या नावांत उघड दिसते आणि एका कुळात लग्न न करण्याचा नियमही त्यांच्यावरच उभा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून उद्ध्वस्त झालेली खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांचीच वाडी. पारधी हे आडनाव त्या दुर्घटनेच्या बातम्यांत अनेकदा आले. दूरच्या वाचकाला ते पारधी जमातीचे लोक वाटू शकले असते. इथे मात्र ते ठाकरांचे कुळ आहे.

कातकऱ्यांचे समाजनावच धंद्यावरून आलेले: खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी किंवा काथोडी. वाघमारे, हिलम, मुकणे, पवार, जाधव ही त्यांची आडनावे. त्यांतले मुकणे हे जव्हारच्या संस्थानिकांचेही आडनाव. ठाकर आणि कातकरी वाड्यांवर मुलांची नावे ठेवण्याची जुनी पद्धत वारावर चाले: सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारची मंगळी, बुधवारचा बुधा, शुक्रवारचा शुक्र्या. पंचांग आणि पुरोहित यांची गरज न लागणारी ही पद्धत जन्माचा दिवस नावातच जपून ठेवी.

सरकारी नोंदींनी या नावांवर हात फिरवला. शाळेचा दाखला आणि तलाठ्याची नोंद लिहिणारा माणूस प्रमाण मराठीच्या सवयीने निरगुडाचे निरगुडे, पिंगळाचे पिंगळे आणि उघडाचे उघडे करी. आता एकाच कुळातली दोन रूपे वेगवेगळ्या कागदांवर असतात. जातीच्या दाखल्यासाठी आजोबाचा कागद आणि नातवाचा कागद जुळावा लागतो, तेव्हा एका काना-मात्रेचा फरक घरात चिंतेचे कारण होतो. ठाकूर या शब्दाने तर मोठाच गुंता केला. अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर ही जमात आहे आणि शेजारच्या गावात ठाकूर हे आगऱ्यांचे आडनाव आहे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने जमातींच्या यादीवरची क्षेत्राची मर्यादा उठली.  त्यानंतर नावाच्या सारखेपणामुळे दाव्यांची छाननी कडक झाली आणि तिचा जाच वाड्यांवरच्या अशिक्षित कुटुंबांनाच अधिक सोसावा लागला. हा अन्याय आहे आणि तो लेखनिकाच्या लेखणीतून सुरू झालेला आहे.

इंग्रजी अमदानीत आडनाव सक्तीचे नव्हते, पण टाळताही येत नव्हते. १८५६ मध्ये पळसदरीहून खोपोलीपर्यंत आणि १८६३ मध्ये बोरघाटातून पुण्याकडे रेल्वे झाली. गाडी पकडून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि पलटणीत गेलेल्या माणसाला हजेरीपटावर तीन भागांचे नाव द्यावे लागले: स्वतःचे, बापाचे आणि आडनाव. ज्याच्याकडे आडनाव नव्हते त्याने गावाचे, कुळाचे किंवा पदाचे जे आठवले ते दिले. माथेरानची छोटी रेल्वे १९०७ मध्ये पुरी करणारे अब्दुल हुसेन आदमजी पीरभाय यांच्या घराण्यात पीरभाय हे मुळातले व्यक्तिनाम आडनाव होऊन बसले. कोकणातल्या आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर झालेले नाव १९०० मध्ये साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात नोंदले गेले. त्याआधीचे कुळनाव सकपाळ. देशाच्या इतिहासाला लागलेले हे आडनावही गाव आणि शाळेचा पट यांच्या भेटीतूनच आले.

फ्रान्सशी तुलना केली तर इथल्या प्रक्रियेचे वेगळेपण कळते. तिथे आडनावांचे उगम मुख्यतः चार: बापाचे नाव, ठिकाण, धंदा आणि टोपणनाव. मार्तें हे व्यक्तिनामावरून, द्यूपाँ म्हणजे पुलाजवळचा, लफेव्र म्हणजे लोहार, पती म्हणजे ठेंगणा. पण तिथे राज्यसत्तेने नावे लवकर गोठवली. १५३९ च्या विले-कोत्रेच्या राजाज्ञेने चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले. १७९४ मध्ये क्रांतिकारी सरकारने जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरे नाव लावण्यास मनाई केली आणि १८०८ मध्ये नेपोलियनच्या फर्मानाने ज्यूंना कायम आडनाव घ्यावे लागले. महाराष्ट्रात असा एकही हुकूम कधी निघाला नाही. वतनाचा कागद, हजेरीपट, सात-बारा आणि शाळेचा दाखला यांनी ते काम तीनशे वर्षांत हळूहळू केले. म्हणूनच फ्रान्समधील ज्यूंना जे हुकमाने घ्यावे लागले ते रायगडच्या बेने इस्रायलांकडे गावाच्या वहिवाटीने आले.

बायकांच्या नावांचा इतिहास मात्र वेगळ्याच वाटेने गेला. जन्मानंतर पाचवीची पूजा, बाराव्या दिवशी बारसे आणि कानात नाव सांगण्याचा मान आत्येचा. म्हणजे मुलाला नाव देण्याचे काम बापाच्या बहिणीचे. पण त्याच बहिणीचे स्वतःचे नाव लग्नात बदलले जाई. नवरा तांदळात नवे नाव लिही, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येई आणि आडनावही बदले. नवऱ्याचे नाव तिने तोंडाने घ्यायचे नाही, घेतले तर उखाण्यात. काही घरांत मुले वाचत नसत, तेव्हा पुढच्या मुलाला मृत्यूची दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवत. महडच्या मूर्तीच्या परंपरेतले धोंडू हे नाव त्याच रीतीतले. मुलगी नको म्हणून ठेवलेले नकुशी हे नाव याहून क्रूर. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अडीचशेहून अधिक मुलींची अशी नावे सरकारी समारंभात बदलण्यात आली.

वतने गेली, तरी नावे राहिली. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली, महसुली पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. आता कोणत्याही गावात कुळपरंपरेने पाटीलकी करणारा पाटील नाही. पोलीस पाटील नेमणुकीने येतो आणि त्याचे आडनाव काहीही असू शकते. नाव किंवा आडनाव बदलायचे तर ज्याला त्याला शासनाच्या राजपत्रात जाहिरात देता येते. अलीकडचा सर्वांत मोठा बदल आईच्या नावाचा आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिले जाते. कर्जत आणि खालापूरच्या वाड्यांवरही त्या तारखेनंतरच्या जन्मांना हाच क्रम लागू आहे.